पारावरच्या गप्पा पडद्यावर : वऱ्हाडातील चॅटिंगची तीन दशके

अमरावती/अकोला (प्रतिनिधी) :

दिवस मावळला की गावच्या पारावर चार माणसे जमत. पाऊसपाण्यापासून सुरुवात होई, कापसाच्या भावावर विषय येई, मग कुणाकडचे लग्न, कुणाच्या विहिरीला लागलेले पाणी आणि सरतेशेवटी निवडणूक. शब्दाला शब्द लागून कुणी तिरीमिरीत उठून गेला, तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच जागी येऊन बसे. आदल्या रात्री कोण नेमके काय बोलले, याची नोंद कुणाकडेच नसे.

वऱ्हाडातला हा पार आता मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. विषय तेच आहेत. संत्र्याचा बहार, सोयाबीनचा दर, नवा फोन, क्रिकेटचा सामना आणि मुंबईतील राजकारण. बोलणारी माणसेही बहुतांशी तीच आहेत. बदलली आहे ती एकच गोष्ट. बोललेला शब्द आता मागे राहतो. तो साठवता येतो, अनोळखी माणसाकडे पाठवता येतो आणि प्रसंग आल्यास न्यायालयात पुरावा म्हणून सादरही करता येतो. गेल्या तीन दशकांत चॅटिंगने या भागाला काय दिले आणि त्याची किंमत काय पडली, हे समजून घ्यायचे तर या एका बदलापासूनच सुरुवात करावी लागते.

बोलणे की लिहिणे?

पत्र लिहिताना माणूस थांबतो, शब्द निवडतो आणि मजकूर पुन्हा वाचून पाहतो. गप्पा मारताना तो यांपैकी काहीच करीत नाही. समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच उत्तर ओठांवर आलेले असते. चॅटिंगमध्ये ही दोन्ही रूपे एकत्र आली. गती बोलण्याची आणि साधन मात्र लिहिण्याचे. त्यामुळे अर्धवट वाक्ये, गाळलेले विरामचिन्ह, हसण्यासाठी वापरलेली चिन्हे, चेहऱ्यांची चित्रे हे सारे ओघानेच आले. समोरासमोर बोलताना आवाजातील चढउतार आणि चेहऱ्यावरचे भाव जे काम करतात, ते काम पडद्यावर या चिन्हांना करावे लागते. ते नेहमीच साधते असे नाही. पारावर थट्टा म्हणून केलेले विधान पडद्यावर अपमान वाटू शकते, याचे मूळ इथे आहे.

या प्रकाराचा जन्म वऱ्हाडापासून फार दूर झाला. फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली 'इंटरनेट रिले चॅट' ही प्रणाली तयार केली. निरनिराळ्या ठिकाणी बसलेल्या अनेकांना एकाच वेळी एकमेकांशी लिहून बोलण्याची सोय तिने करून दिली. १९९६ मध्ये 'आयसीक्यू' आले, १९९८ मध्ये याहूची आणि १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टची संदेशसेवा सुरू झाली. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांनाही हे क्षेत्र मोकळे झाले आणि महानगरांपाठोपाठ जिल्ह्याच्या गावांपर्यंत सायबर कॅफे पोहोचू लागले.

सायबर कॅफेचा काळ

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात घरी संगणक असणे ही अमरावती-अकोल्यात मिरवण्याची बाब होती. अमरावतीत विद्यापीठ, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, तर अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. या संस्थांमुळे दोन्ही शहरांत बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची मोठी वस्ती होती. खोली करून राहणाऱ्या या मुलांसाठी तासाच्या दराने संगणक देणारा कॅफे म्हणजे वाचनालय, डाकघर आणि नाका असे तिन्ही होता. परीक्षेचा निकाल पाहायचा, नोकरीचा अर्ज पाठवायचा आणि उरलेल्या मिनिटांत चॅटिंग करायचे, असा क्रम असे. अनोळखी माणसाशी बोलणे सुरू होताच वय, लिंग आणि ठिकाण विचारणारी तीन इंग्रजी अक्षरे टाकण्याचा त्या वेळी रिवाज होता.

'ऑर्कुट' जानेवारी २००४ मध्ये आले आणि अनोळखी माणसांचे चॅटिंग ओळखीच्या माणसांकडे वळले. शाळेतले विसरलेले मित्र सापडू लागले. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेला मुलगा आणि गावी राहिलेला त्याचा मित्र एकमेकांच्या पानावर लिहू लागले. परदेशी गेलेल्या मराठी माणसांनी याआधीच, १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'मायबोली'सारख्या संकेतस्थळांवर बैठक जमवली होती. वऱ्हाडातील तरुण तिथवर पोहोचला तो मुख्यतः सायबर कॅफेच्या काळात.

या कॅफेंवर सरकारचे लक्ष गेले ते सुरक्षेच्या कारणाने. २०११ च्या केंद्रीय नियमांनी प्रत्येक ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे आणि वापराची नोंद किमान एक वर्ष जपणे बंधनकारक केले. दोन संगणकांमधील आडोसा साडेचार फुटांहून उंच नसावा, असेही त्यात बजावले. पुढे मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले, तसा कॅफेतला चॅटिंगचा ग्राहक आटला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी आणि याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी बंद झाले. त्यासोबत एका पिढीच्या गप्पाही मिटल्या.

सत्तर अक्षरांची अडचण

त्या काळातील मराठी गप्पा रोमन लिपीत होत. याला इंग्रजीचे आकर्षण जितके कारणीभूत होते, तितकेच तंत्रही होते. मोबाइलवरील एका लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात. देवनागरीसाठी युनिकोड वापरला की ही मर्यादा ७० वर येते, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्रपणे मोजली जाते. म्हणजे तोच मजकूर मराठीत लिहिला तर दोन किंवा तीन संदेशांचे पैसे पडत. शिवाय अनेक फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन उमटत. महिन्याचा खर्च मोजून-मापून करणाऱ्या विद्यार्थ्याने रोमन लिपी निवडली, यात नवल नव्हते.

संगणकावर वेगळीच अडचण होती. प्रत्येक मराठी वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाचा टंक निराळा असे आणि तो आधी उतरवून घ्यावा लागे. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ पासून होता. तथापि, तो सामान्य वापरकर्त्याच्या हाती पडण्यास आणखी दहा-पंधरा वर्षे जावी लागली. पुढे स्मार्टफोनवर मराठी कळफलक आले आणि २०१७ मध्ये गुगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली. ज्यांचे हात कधी कळफलकावर बसले नव्हते, अशी वडीलधारी माणसेही त्यानंतर गप्पांत सामील झाली.

वऱ्हाडी लिहिती झाली

या साऱ्या घडामोडीत वऱ्हाडी बोलीच्या पदरात मोलाचे दान पडले. शाळेत प्रमाण मराठी, कचेरीत प्रमाण मराठी, वर्तमानपत्रातही तीच. वऱ्हाडीचे स्थान घरात, शेतात आणि बाजारात. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात या बोलीची नोंद आहे. उद्धव शेळके यांनी 'धग' या १९६० सालच्या कादंबरीत तिला साहित्यात मानाची जागा दिली. विठ्ठल वाघांच्या कवितेने ती व्यासपीठावर गाजवली. त्याआधी गाडगेबाबांनी आपले कीर्तन श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याकडून उत्तरे वदवून घेत याच बोलीत रंगवले होते. तरीही सामान्य माणूस स्वतःच्या हाताने वऱ्हाडी लिहीत नव्हता. ती लिहिण्याचा प्रसंगच त्याच्यावर येत नसे. पत्राला लेखणी हाती घेतली की भाषा आपोआप शाळेची होई.

चॅटिंगने हा संकोच मोडला. 'मला' ऐवजी 'मले', 'का' ऐवजी 'काहून', 'करतो आहेस' ऐवजी 'करून राह्यला', 'सांग' ऐवजी 'सांगजो' ही रूपे प्रथमच रोजच्या लिहिण्यात आली. 'ळ'चा 'य' करणारा उच्चार, म्हणजे 'डोळा'चा 'डोया' आणि 'शाळा'ची 'शाया', तो जसा कानावर पडतो तसा उमटू लागला. 'काहून गा', 'काय वं', 'राजेहो', 'बाप्पा' ही संबोधने आणि उद्गार पडद्यावर आले. पुण्यात नोकरी करणारा आणि दिवसभर प्रमाण मराठी, हिंदी वा इंग्रजी बोलणारा अमरावतीचा मुलगा रात्री शाळेतल्या मित्रांच्या गटात शिरला की त्याची बोली परत येते. सुशिक्षितांनी ज्या बोलीला अशुद्ध म्हणून बाजूला सारले, ती गप्पांच्या निमित्ताने लिहिली जाऊ लागली, ही लहान गोष्ट नाही.

याला एक दुसरी बाजूही आहे. फोनमधील शब्दसूचना प्रमाण भाषेवर बेतलेल्या असतात. घाईत असलेला माणूस समोर आलेला तयार शब्द उचलतो आणि बोलीतले रूप मागे पडते. मेळघाटातील कोरकू भाषकांची अडचण याहून मोठी आहे. त्यांची भाषा वेगळ्याच कुळातली. धारणी तालुक्यातील हरिसाल २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून गाजले, परंतु पडद्यावरच्या गप्पांत कोरकूला मराठी किंवा हिंदीइतकी सोय मिळालेली नाही.

खेळता खेळता बोलणे

तरुणांच्या गप्पांचा मोठा भाग आता खेळांत चालतो. सायबर कॅफेत शेजारी बसून 'काउंटर स्ट्राइक' खेळणारी मुले मोठ्याने ओरडून एकमेकांना सावध करीत. २०१८ मध्ये मोबाइलवर 'पबजी' आला आणि तेच बोलणे कानातील यंत्रातून होऊ लागले. दोन्ही हात खेळात गुंतलेले असल्याने इथे लिहिणे शक्य नसते, बोलावेच लागते. परिणामी एक गंमत घडली. लिहिण्याकडे गेलेल्या गप्पा खेळाच्या मैदानात पुन्हा तोंडी झाल्या. एक खेळाडू अकोटला, दुसरा बडनेऱ्याला, तिसरा नागपूरला आणि चौघांची भाषा अस्सल वऱ्हाडी, असे संघ जमू लागले.

सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी घातली. त्याची भारतीय आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली, जुलै २०२२ मध्ये ती हटवली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे. पालकांच्या दृष्टीने हा भेद जाणून घेणे गरजेचे आहे. मुलगा रात्री कोणाशी बोलतो हा एक प्रश्न आणि तो पैसे लावतो का हा दुसरा. दोन्हींची उत्तरे निराळी आहेत आणि ती धाकदपटशाने मिळत नाहीत.

पार मोठा झाला

व्हॉट्सअॅपची स्थापना २००९ मध्ये झाली आणि २०१४ मध्ये फेसबुकने ते विकत घेतले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेटचे दर कोसळले आणि वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत गट तयार झाले. भाऊबंदांचा गट, दहावीच्या तुकडीचा गट, संत्रा उत्पादकांचा, मंडळाचा, वॉर्डाचा आणि उमेदवाराच्या कार्यकर्त्यांचा गट. व्हॉट्सअॅपच्या एका गटात २०१६ मध्ये २५६ माणसे मावत. २०२२ मध्ये ही मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ वर गेली.

पारावर दहा माणसे बसत आणि दहाही एकमेकांना ओळखत. कोण फेकतो, कोण मोजून बोलतो, कुणाच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा, याचा हिशेब प्रत्येकाच्या मनात तयार असे. हजार माणसांच्या गटात हा हिशेब चालत नाही. त्यातही पुढे ढकललेल्या संदेशावर मूळ बोलणाऱ्याचे नाव नसते. तो ज्याच्याकडून आला त्या ओळखीच्या माणसाची पत त्याला आयती मिळते.

याचे भयंकर रूप महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. देशाच्या इतर भागांतही तशा घटना घडल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल, असे ठरवले.

अमरावती आणि अकोल्यालाही याची झळ बसली. त्रिपुरातील कथित घटनांच्या निषेधार्थ १२ नोव्हेंबर २०२१ रोजी निघालेल्या मोर्चावेळी आणि दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये अमरावतीत हिंसाचार झाला. संचारबंदी लागली आणि काही दिवस इंटरनेट सेवा बंद राहिली. २१ जून २०२२ रोजी अमरावतीतील एका औषध व्यावसायिकाची हत्या झाली. गटात पुढे पाठवलेल्या एका संदेशाचा राग हे त्यामागील कारण असल्याचे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दोन गटांत दंगल उसळली, एकाचा बळी गेला आणि तिथेही इंटरनेट बंद करावे लागले. या घटनांची कारणे एकट्या फोनमध्ये शोधणे चुकीचे ठरेल. जुने तणाव, राजकारण आणि चिथावणी या गोष्टी फोनच्या आधीपासून आहेत. पण चार माणसांत विरून जाणारा शब्द आता शहरभर पोहोचतो, हे तीनही प्रसंगांनी दाखवून दिले.

कायदा काय सांगतो?

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुराबद्दल अटक झाली, तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ देशभर चर्चेत आले. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. त्यामुळे केवळ कुणाला त्रासदायक वाटले म्हणून गुन्हा ठरत नाही. तथापि, समाजगटांत वैर पसरवणे किंवा लोकांत भय उत्पन्न करणारी खोटी बातमी फिरवणे हे गुन्हे आहेतच. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी अनुक्रमे १९६ आणि ३५३ ही कलमे आहेत.

गटाच्या चालकाची जबाबदारी किती, हा सर्वांना पडणारा प्रश्न. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये त्याचे उत्तर दिले. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत नसल्यास, चालकाला दोषी धरता येणार नाही. अमरावती आणि अकोला जिल्हे याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. याचा अर्थ चालकाने डोळे मिटून बसावे असा नव्हे. दोष नसणे आणि कर्तव्य नसणे यांत अंतर आहे.

इंटरनेट बंद करण्यालाही मर्यादा आहेत. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन प्रकरणातील निकालानुसार अशी बंदी बेमुदत असू शकत नाही आणि तिचा आदेश प्रसिद्ध करावा लागतो. नोव्हेंबर २०२४ च्या नव्या नियमांनीही आदेशाची कमाल मुदत १५ दिवस ठेवली आहे. सेवा बंद होते तेव्हा अफवा थांबावी हा हेतू असतो. पण फोनवरून पैसे देणारा भाजीवाला, ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख गाठणारा विद्यार्थी आणि परगावच्या मुलाची खुशाली विचारणारी आई यांचाही मार्ग त्यासोबत बंद होतो.

रिद्धपूरची आठवण

बोललेला शब्द लिहून ठेवण्याची गोष्ट या भूमीला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याच्या आरंभीच्या या ग्रंथात चक्रधरस्वामींचे रोजचे बोलणे, भक्तांचे प्रश्न, खाणेपिणे, चालणेफिरणे सारे आले आहे. म्हाइंभट एकेका माणसाकडे गेले, त्याला काय आठवते ते विचारले आणि मग लिहिले. एकाच प्रसंगाची कुणाची आठवण वेगळी असेल, तर ती वेगळी म्हणून नोंदवण्याची रीत महानुभावांनी पाळली. पुढे आपले ग्रंथ अनोळखी हाती पडू नयेत म्हणून त्यांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपीही योजल्या. त्यांचा उलगडा विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी केला. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे.

व्हॉट्सअॅपनेही एप्रिल २०१६ पासून संदेशांना सांकेतिक कुलूप लावले आहे. वाटेत तो कुणी वाचू शकत नाही. नोव्हेंबर २०२० पासून सात दिवसांनी आपोआप पुसले जाणारे संदेशही आले. पारावरच्या गप्पांप्रमाणे शब्द विरून जावा, हीच त्यामागची इच्छा. परंतु गटातल्याच एखाद्याने पडद्याचे चित्र टिपून पुढे धाडले, तर कोणतेही कुलूप उपयोगी पडत नाही.

राहता राहते ती म्हाइंभटांची रीत. हे कोण म्हणाले, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, दुसऱ्या कुणाचे म्हणणे वेगळे आहे काय, एवढे तीन प्रश्न संदेश पुढे पाठवण्याआधी विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. गप्पा थांबाव्यात असे कुणीच म्हणणार नाही. वऱ्हाडी माणसाला ते मानवणारही नाही. पारावर तिरीमिरीत उठून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येत असे. आजचा माणूस गटातून बाहेर पडला, तर त्यालाही परत येता यावे, इतपत मोकळीक आपल्या शब्दांनी ठेवली म्हणजे झाले.